साळिंदराचा आवाज

आत्याबाईच्या घरी सिनेमा कुणी गप्प बसून बघत नसे. खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टर्समधल्या त्या दोन खोल्या, बाहेरच्या खोलीत लाकडी कपाटावर ठेवलेला टीव्ही, आणि त्याच्यासमोर घडीच्या खुर्चीत मामाजी. आमच्या वर्धेकडे आत्याच्या नवऱ्याला मामाजी म्हणतात. ते पहिली पाळी संपवून, अंघोळ करून बसलेले असायचे, तरी कानाच्या पाळीमागे कसली तरी करडी पूड राहिलेलीच असायची. सिनेमात गोदाम उडायचं, आगीचा लोळ उठायचा आणि हिरो गालाला जराशी काजळी लावून बाहेर यायचा. मामाजी म्हणायचे, "कानाचे पडदे फाटले असते याचे. आता ती नटी बोलतेय त्याच्याशी, ऐकू तरी येतंय का त्याला?" सगळा रोमान्स तिथंच गार. आत्याबाईचं वेगळं. तिच्या मांडीवर तांदळाचं ताट, निवडणं चालू आणि पडद्यावरच्या माणसांशी बोलणंही चालू. सुनेनं सासूला घराबाहेर काढलं की आत्याबाई तांदळातला खडा टीव्हीच्या दिशेनं फेकायची. "थांब व भवाने, तुलेही सून येईन." आणि सासू देवळाच्या पायरीवर बसली की ही इकडे पदर डोळ्याला लावायची.

मी तिच्या रडण्याची वाट बघायची. एकटी रडले तर पोरीला घरची आठवण येते असं म्हणतील, आणि आठवण येते म्हणून परत पाठवतील, अशी मला धास्ती. म्हणून आत्याबाई रडली की तिच्या आडोशानं मीही रडून घ्यायची. सासूसाठी थोडं, बाकीचं माझं. सिनेमा लांबला तर माझं चांगलं भागायचं.

आमच्या गावात शाळा आठवीपर्यंत होती. नववीला नदीपलीकडे जावं लागायचं आणि बापाची छाती तेव्हा खोकल्यानं भरलेली, घरात धाकटी भावंडं, त्यामुळे माझं दप्तर खुंटीला लागलं ते लागलंच. आत्याबाई बापाला भेटायला आली आणि जाताना मला घेऊन आली. "इथं राहून काय करते ही? माह्याजवळ राहीन, दोन घास खाईन." एवढंच म्हणाली. पुण्यात आल्यावर तिनं मला शिवणाच्या वर्गाला घातलं, चष्मा करून दिला, बुद्धविहारात सगळ्यांना "ही माही भाची" म्हणून दाखवलं. आज मी जे काही आहे ते त्या दोन घासांवर उभं आहे, हे मी माझ्या मुलांना इतक्यांदा सांगितलंय की ते आता माझ्या आधीच ते वाक्य पुरं करतात. पण खाल्लेला प्रत्येक घास तेव्हा मला जड वाटायचा, हेही खरं. भात दुसऱ्यांदा वाढायला आत्याबाई आली की मी ताटावर हात आडवा धरायची, आणि ती माझ्या बोटांवरच भात वाढायची.

कारण त्या घरात मी रिकाम्या जागेवर आले नव्हते. खिडकीजवळची लोखंडी खाट सुजाताची. माझ्या अंगावरचे पंजाबी ड्रेस सुजाताचे, कमरेत आत घेतलेले. सुजाता म्हणजे आत्याबाईची एकुलती एक मुलगी. कॉलेजात असताना ती नाटकात कामं करायला लागली, मग मुंबईला गेली, आणि तिथं नाटकातल्याच एका मुलाशी लग्न करून मोकळी झाली. कळवलं ते झाल्यावर. मामाजींनी तिच्यासाठी विहारातल्याच एका घरी साखरपुड्याचा शब्द दिलेला होता. तेव्हापासून घरात तिचं नाव कुणी घेत नसे. एकदा तिनं समोरच्या काळे काकूंकडे फोन केला. तेव्हा फोन त्यांच्याकडेच होता. काकू बोलवायला आल्या तर मामाजी जेवत होते ते जेवतच राहिले, आणि आत्याबाई उंबऱ्यापर्यंत जाऊन परत आली. हे मला शेजारणींकडून कळलेलं. त्याच शेजारणी कधी संध्याकाळी मी खिडकीत बसले की खालून "सुजाता!" अशी हाक मारायच्या आणि मग जीभ चावायच्या. मी त्या घरात एका हजर नसलेल्या माणसाच्या मापात बसवलेली होते. झोपेत कूस बदलली तर खाटेला तिचाच खोलगट भाग असायचा, आणि मी घरंगळून त्यात जाऊन पडायची.

त्याच सुमारास केबल आली. काळे काकूंचा मुलगा कॉम्प्युटरच्या क्लासला जायला लागला आणि आमच्या टीव्हीत एकाएकी परदेशातली चित्रांची जनावरं हिंदी बोलायला लागली. रविवारी सकाळी विहारातून आलो की अर्ध्या-अर्ध्या तासाचे ते सिनेमे लागायचे. आत्याबाईला पहिल्या दिवशी तो प्रकार सहनच झाला नाही. एक मांजर कड्यावरून पडलं, पोळीसारखं चपटं झालं, उठलं, अंग झटकलं आणि पुन्हा पळायला लागलं. "मेली ना ते? आता पाह्यलं मी मेली म्हणून!" मामाजी म्हणाले, "चित्र आहे ते. चित्र कसं मरेल?" आत्याबाई म्हणाली, "मग ते जेवते काहून? मरण नाही त्याले भूक कायले पाहिजे?" मामाजींनी टीव्हीचा आवाज वाढवला. आजही माझी नात मोबाइलवर असलं काही बघत असते तेव्हा मला आत्याबाईचा हा प्रश्न आठवतो आणि मी नातीला काही विचारत नाही.

मग एका रविवारी साळिंदराचं पिल्लू आलं. अंगभर काटे, त्यामुळे कुणी जवळ घेत नाही, आणि त्याला तर सगळ्यांच्या कुशीत शिरायचं असतं, अशी त्याची गंमत. दर भागात ते कुणाला तरी मिठी मारायला जायचं आणि काही ना काही फोडून ठेवायचं. उशी, फुगा, बेकरीवाल्याचं पिठाचं पोतं. आत्याबाई म्हणाली, "आमच्या वावरात रोज येत होते साळिंदर. असं गोड नाही बोलत कोणी." तेवढ्यात पोतं फुटलं, पिल्लू पिठानं पांढरं झालं आणि हसलं.

हसलं म्हणजे कसं सांगू? आपण हसतो तेव्हा श्वास बाहेर टाकतो. हे पिल्लू श्वास आत ओढत हसलं, बारीक, दाराची कडी हळूच सरकवावी तसं, आणि शेवटी एक उचकी. आत्याबाईचा हात तांदळात होता तो तिथंच राहिला.

"सुजी," ती म्हणाली.

मी त्या घरात आल्यापासून ते नाव घरातल्या माणसाच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. मी मागं वळून दाराकडे बघितलं. दारात कुणी नव्हतं.

"काहीतरीच," मामाजी म्हणाले. "सगळ्या पोरी अशाच हसतात."

"कोणती हसते? दाखवा बरं मले."

मामाजींनी इकडे तिकडे बघितलं. घरात पोरगी मी एकटीच. "ही हसते की."

आता मामाजींच्या घरचं खाते, त्यांचा शब्द खाली कसा पडू द्यायचा? मी श्वास आत ओढून हसून दाखवलं. शेळीला ठसका लागावा तसा आवाज आला आणि मला खरोखरच ठसका लागला, मामाजींना उठून पाणी आणावं लागलं. आत्याबाईनं माझ्या पाठीवर थापटलं, पण डोळे टीव्हीवरच. पिल्लू आता "अम्मा, अम्मा" करत बर्फातून चाललं होतं. ती त्याला हळूच म्हणाली, "स्वेटर घाल व."

त्यानंतर रविवार बदलले. विहारातून येताना आत्याबाई झपाझपा चालायची. कोथिंबीर भरलेल्या सांबारवड्या, डाळीच्या गोळ्यांचा गोळाभात, वरून लसणाच्या फोडणीचं गरम तेल, म्हणजे सुजाताच्या आवडीचं सगळं त्याच दिवशी शिजायला लागलं. एक ताट वाढून ती टीव्हीसमोर स्टुलावर ठेवायची, आणि पिल्लू गेलं की ते ताट मला द्यायची. तिच्या खाटेवर झोपणं मी निभावलं होतं. ते गार झालेलं ताट मात्र घशाखाली उतरायचं नाही, आणि टाकायची तर हिंमत नव्हती. एकदा काळे काकू विरजण मागायला आल्या आणि दारातच थांबल्या. "आता टीव्हीला नैवेद्य दाखवायला लागलात का?"

"आमच्यात नैवेद्य नसतो, काकू," आत्याबाई शांतपणे म्हणाली. "ते जेवाची थाळी आहे."

मामाजी अजून मानत नव्हते. पण त्यांनी रविवारी सकाळी बुटांना पॉलिश करायचं काढलं. शनिवारी संध्याकाळी केलेलंच असायचं, तरी पुन्हा. नेमकं त्या अर्ध्या तासात, टीव्हीकडे पाठ करून, एकच बूट. पिल्लू हसलं की ब्रश थांबायचा.

मला मात्र त्या आवाजानं पछाडलं. आत्याबाई गावी यायची ती एकटीच, त्यामुळे मी ती बाई कधी पाहिलेली नव्हती. घरात फोटोही नव्हते, मामाजींनी उतरवलेले. मला ती फक्त आवाजानं माहीत, आणि तो आवाज काटेरी जनावराच्या तोंडून यायचा. शिवणाच्या मशीनवर बसले की पायडलच्या तालात ते आत ओढलेलं हसू ऐकू यायचं. आरशासमोर तिचा ड्रेस घातला की वाटायचं, मागून ती म्हणेल, अम्मा, हे माझं आहे. क्वार्टर्समधली सगळी पोरं त्या पिलाला हसायची. मी त्याला भ्यायची. ती खरंच सुजाता असेल, आवाज आला तसा मागोमाग माणूसही आला, तर या दोन खोल्यांत माझं काय काम? गावी बापाच्या औषधाचेच वांधे होते. मी रविवारी वंदनेला बसले की डोळे मिटून मागायची, ती सुखात असू दे, लांब असू दे. दोन्ही एका दमात.

पावसाळा संपत आलेला असताना एका रविवारी नेहमीसारखं ताट मांडलं, गाणं वाजलं, पिल्लू बिळातून बाहेर आलं, जांभई दिली आणि बोललं.

दुसराच आवाज.

चांगला होता, गोडही होता. पण कुणाचा तरी होता. मला वाटलं केबलवाल्यानं काही तरी केलंय. आत्याबाई माझ्याकडे बघायला लागली, मी तिच्याकडे. आणि मागून, बुटात हात घातलेले मामाजी म्हणाले, "ही ती नाही."

इतके महिने जे त्यांनी कबूल केलं नव्हतं ते असं निघालं, आणि कुणाला त्याचं कौतुकही करता आलं नाही. आत्याबाई टीव्हीजवळ गेली, काचेला कान लावला. "काय झालं तिले? काय झालं असन हो?" मामाजी म्हणाले, "काम सोडलं असेल. दुसरीकडे लागली असेल." पण ते टीव्हीकडे तोंड करून उभे होते, आणि दारूगोळ्याच्या कारखान्यात उभा जन्म काढलेला माणूस जे सगळ्यात आधी मनात आणतो, तेच त्यांच्या चेहऱ्यावर आलं होतं. तिकडे पिलानं धोब्याची दोरी तोडली. भिंतीपलीकडची पोरं खदाखदा हसली, वरच्या मजल्यावरची हसली, सगळी क्वार्टर्स हसत होती आणि आमच्या खोलीत मढं ठेवल्यासारखी शांतता. पिल्लू तेच, काटे तेच, उड्या त्याच. आत मात्र कुणी दुसरीच बसली होती. मी खाली बघितलं. माझ्या अंगावर सुजाताचा निळा ड्रेस होता.

मी ज्याची भीती बाळगून होते ते टळलं होतं. ती येणार नव्हती. मला हायसं वाटायला हवं होतं. पण मी आत्याबाईची वाट न बघता, कुणाच्याही आडोशाला न जाता, मोठ्यानं रडले. "मामाजी, तुम्ही जा ना," मी म्हणाले. "विचारा ना कुणाला तरी." त्या घरात मी मामाजींना काही सांगण्याची ती पहिलीच वेळ.

मामाजी एका पायात बूट, एका पायात चप्पल असे समोरच्या दारात गेले. आत्याबाईनं मला त्यांच्यामागे ढकललं. काळे काकू टेबल पुसत होत्या.

"काकू, एक फोन करायचा होता."

"करा की. त्यासाठीच घेतलाय."

"नंबर... माझ्याकडे नाहीये."

काकूंनी फडकं खाली ठेवलं. "माझ्याकडे आहे. पाठच आहे. ती गेली दोन वर्षं दर दिवाळीला फोन करून तुमची खुशाली विचारते. आपण विचारलं नाहीत, मी सांगितलं नाही. नसता आगाऊपणा करायची सवय नाही आम्हाला." आणि त्यांनी स्वतःच नंबर फिरवून रिसीव्हर मामाजींच्या हातात दिला.

फोन जावयानं उचलला. मामाजी म्हणाले, "मी सुजाताचे वडील बोलतोय," आणि पायातल्या एकाच बुटाकडे बघत राहिले. एवढं सगळं मध्ये होतं. शेवटी ते म्हणाले, "आज तिचा आवाज बदलला. का बदलला?" पलीकडचा माणूस काय समजला असेल कोण जाणे, पण समजला. पिलाला हिंदी आवाज द्यायची ती सुजाताच, आणि तिच्या घशात गाठ आली होती. साधीच निघाली, पण ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी बोलायला सक्त मनाई केली होती, कुजबुजायलासुद्धा. ती तिथंच शेजारी होती. त्यानं फोन तिच्या कानाला लावला.

मामाजी कमी बोलणारा माणूस. त्या दिवशी त्यांना दोघांचं बोलावं लागलं. "जेवलीस का?" त्यांनी विचारलं आणि थांबले. "काय, पेज का? बरोबर, पेजच खा." पुन्हा थांबले. "आई बरी आहे. गुडघा दुखतो. नंदा आहे मदतीला, तुझ्या दादारावमामाची पोरगी." रिसीव्हरमधून नुसता श्वास येत असणार. काकू खिडकीतून बाहेर बघत उभ्या राहिल्या. "घरी ये," मामाजी म्हणाले. "काही बोलू नको. नुसती ये."

ती पुढच्याच रविवारी आली, रिक्षातून, गळ्याला मफलर, बरोबर किडकिडीत चष्मेवाला जावई. मी माझी पिशवी भरून स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यामागे ठेवली होती. कुणी जा म्हणायच्या आत आपणच तयार असलेलं बरं. आत्याबाईनं सुजाताचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि कितीतरी वेळ नुसती "बोलू नको, बोलू नको" म्हणत राहिली, जणू तीच काही बोलत होती. मामाजींनी जावयाला त्यांच्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः स्टुलावर बसले. मी दाराआडून बघत होते. इतके महिने मला आवाज माहीत होता आणि बाई माहीत नव्हती. आता बाई समोर होती, सावळी, मोठ्या कपाळाची, आणि तिच्यात आवाज नव्हता. ती कशाला तरी हसली. खांदे हलले, बाकी काही नाही. माझ्या अंगावर काटा आला. तिचा आवाज पुढे काही महिन्यांनी परत आला, पण जाडसर आणि खालच्या पट्टीतला, आणि ते आत ओढलेलं हसू काही परत आलं नाही. त्या पिलाचे जुने भाग कुठं लागले की ती उठून चहा टाकायला जायची.

जेवणं झाली. जावई संध्याकाळच्या गाडीनं जायचे होते, ते मामाजींबरोबर कारखान्याच्या बाजूला पाय मोकळे करायला गेले. सुजाता अंघोळीला गेली. आदल्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नव्हता, आणि भांडी घासता घासता मी डुलक्या देत होते. आत्याबाई म्हणाली, "जा, आंग टाक जराशी." मी सवयीनं खिडकीजवळच्या खाटेवर गेले आणि कलंडले. पाच मिनिटं पडू, ती यायच्या आत उठू, असं म्हणत म्हणत मला गाढ झोप लागली.

खांदा हलला तेव्हा जागी झाले. सुजाता ओल्या केसांनी माझ्यावर वाकलेली होती. मी तिच्या खाटेवर, तिच्या खोलगट भागात, तिचाच ड्रेस घालून झोपलेली. "उठते ताई, मी जाणारच होते," असं काहीतरी मी पुटपुटले आणि पाय खाली सोडायला गेले. तिनं माझा दंड धरला. तिचे ओठ हलले. डॉक्टरांची मनाई होती, आईनं सकाळपासून शंभरदा बजावलं होतं, पण तिनं श्वास घेतला आणि बोललीच. आवाज कसला, वाळक्या पाचोळ्यावर पाय पडल्यासारखं काही तरी.

"सरक ना व जराशी."

मी भिंतीकडे सरकले.